बेडका येतो कुठून?

खर्रर्र... खळ्ळ! खर्रर्र... खळ्ळ!

ओळखीचा आवाज आहे ना? सर्दी होऊन तीन-चार दिवस झाले की छातीत घरघर सुरू होते. वर्गात सगळे अगदी चिडीचूप असतात, आणि नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ येते! मग घशात काहीतरी गिळगिळीत येऊन बसतं. ईईई!

थांब थांब. ईईई म्हणून पान उलटू नकोस. आज आपण त्या गिळगिळीत वस्तूबद्दलच बोलणार आहोत. तिचं नाव कफ. त्याचा घट्ट गोळा झाला की बेडका. आणि तीच नाकातून आली की शेंबूड! सगळी एकाच घरातली भावंडं. (जेवता जेवता वाचत असशील, तर आधी जेवून घे बरं का. मी थांबते.)

झालं जेवण? मग सांग, ज्याला सर्दी नाही, ताप नाही, असं एकदम ठणठणीत मूल दिवसातून किती वेळा खोकत असेल?

शून्य? चूक!

लंडनच्या काही डॉक्टरांनी हे खरोखर मोजलं. महिनाभरात सर्दी-खोकला न झालेल्या शाळकरी मुलांच्या अंगावर त्यांनी खोकला टिपणारी छोटी यंत्रं लावली. १९९६ साली त्याचं उत्तर छापून आलं. दिवसाला सरासरी ११ वेळा! एक मूल तर ३४ वेळा खोकलं होतं, आणि तेही ठणठणीतच होतं. म्हणजे खोकणं हे आपल्या शरीराचं रोजचंच काम आहे. आपलं तिकडे लक्ष नसतं, एवढंच.

पण हे काम करायचं कशासाठी?

जरा हिशेब करू. मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. वीस लिटरच्या बादलीने मोजलीस, तर पाचशे बादल्या! तू थोडी कमी घेतोस किंवा घेतेस, पण ती काही थोडीथोडकी नाही. आणि ही हवा गाळलेली थोडीच असते? तिच्यात रस्त्याची धूळ आहे. फळ्यावरची खडूची भुकटी आहे. फुलांचे पराग, बुरशीचे कण, उदबत्तीचा धूर, शेजारच्या बाकावरच्या शिंकेतले जंतू... सगळं नाकातोंडातून आत!

आत जाणारी वाट मात्र फार नाजूक आहे. घशाखाली श्वासनळी सुरू होते. तिला दोन फाटे फुटतात. त्यांना पुन्हा दोन-दोन, पुन्हा दोन-दोन. असे साधारण तेवीस वेळा! शेवटी येतात इवले इवले हवेचे फुगे. मोठ्या माणसाच्या छातीत असे तीस ते पन्नास कोटी फुगे असतात. तिथे धूळ साचून कसं चालेल?

म्हणून या नळ्यांना आतून एक चिकट सारवण असतं. तोच आपला कफ! त्यात बहुतेक सगळं पाणीच असतं, शंभरातले पंचाण्णव भाग. उरलेल्यात थोडं मीठ आणि लांबच लांब धाग्यांसारखी प्रथिनं. या धाग्यांमुळेच तो ताणला जातो आणि लोंबतो. हवेतून आलेला कण त्यावर टेकला की चिकटलाच. पुढे जायला बंदी!

बरं, कचरा चिकटला. पण तो बाहेर कसा काढायचा? छातीत झाडू तर घालता येत नाही.

इथेच खरी गंमत आहे.

वर्गात बाई म्हणतात, "वह्या पुढे द्या!" मग काय होतं? शेवटच्या बाकावरचं कुणी उठत नाही. प्रत्येक जण आपल्या पुढच्याकडे वह्या देतो. हातोहात, हातोहात, आणि बघता बघता सगळा गठ्ठा बाईंच्या टेबलावर!

तुझ्या श्वासनळीत अगदी हेच चाललंय. आत्ता, या क्षणी! नळीच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. एकेका पेशीवर सुमारे दोनशे. किती छोटे? असे दहा केस टोकाला टोक लावून ठेवलेस, तर तुझ्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी होईल. फक्त जाडी! यांचं नाव रोमक. प्रत्येक रोमक ताठ होऊन कफाला पुढे ढकलतो, मग वाकून गुपचूप मागे येतो, आणि पुन्हा ढकलतो. एका सेकंदात दहा ते पंधरा वेळा. तू 'एक' म्हणेपर्यंत त्याच्या दहा फेऱ्या झाल्यासुद्धा! आणि मधली सुट्टी? अजिबात नाही. रात्री तू झोपलेला असलास काय, झोपलेली असलीस काय, कफाची वही पुढे चाललेलीच असते.

वेग मात्र गोगलगाईला हसू येईल असा. मिनिटाला जेमतेम पाच-दहा मिलिमीटर. पण न थांबता चाललं की होतंच काम. फुप्फुसातला कफ वर येतो, नाकातला मागे जातो, दोघे घशात भेटतात आणि... ओळख पाहू पुढे काय होतं?

आपण ते गिळतो!

हो, रोज! न कळत! पोटातलं जालीम आम्ल मग त्यातल्या बहुतेक जंतूंचा फडशा पाडतं. म्हणून खोकताना चुकून कफ गिळला गेला तर घाबरायचं काहीच कारण नाही. तो तिकडेच तर निघाला होता!

नाकातले रोमक नीट काम करतात का, हे बघायची डॉक्टरांची एक जुनी युक्ती तर भारीच आहे. नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा, म्हणजे खूप गोड पदार्थाचा, एक कण ठेवायचा आणि घड्याळ लावून बसायचं. रोमक तो कण मागे मागे नेतात आणि साधारण पाव तासाने तोंड अचानक गोड लागतं! नाकात ठेवलेला खाऊ जिभेला कळला! (हा प्रयोग डॉक्टरांनीच करायचा. साखरदाणी खाली ठेव बघू.)

आणि हे रोमक हललेच नाहीत तर? जगात थोड्या मुलांचे रोमक जन्मापासून धड हलत नाहीत. त्यांना सारखा ओला खोकला आणि सर्दी असते. आणि आता कान टवकार. अशांपैकी जवळजवळ निम्म्यांचं हृदय डाव्याऐवजी उजवीकडे असतं! यकृत, जठर, सगळंच आरशात दिसावं तसं उलट! स्वित्झर्लंडमधल्या मानेस कार्टागेनर या डॉक्टरांनी १९३३ साली अशा रुग्णांबद्दल लिहिलं. पण खोकल्याचा आणि उजवीकडच्या हृदयाचा संबंध काय? पुढे १९७६ मध्ये ब्यॉर्न आफ्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की या लोकांचे रोमकच हलत नाहीत. बाळ आईच्या पोटात अगदी चिमुकलं असतं, तेव्हा काही रोमक गरगर फिरून 'ही डावी बाजू' असं शरीराला सांगतात. ते गप्प बसले तर? मग छापा की काटा! निम्म्या वेळा सरळ, निम्म्या वेळा उलटं. मला तर ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलंच नाही.

कफ नुसता चिकट नसतो, लढाऊही असतो. १९२१ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांना झाली सर्दी. दुसरा कुणी नाक पुसून मोकळा झाला असता! पण यांनी काय करावं? स्वतःचा शेंबूड जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत ठेवून दिला! काही दिवसांनी बघतात तर शेंबडाच्या आसपासचे पिवळे जंतू विरघळून गेलेले. शेंबडात जंतू मारणारा पदार्थ होता, लायसोझाइम! तो अश्रूंतही सापडला. मग काय, अश्रू गोळा करायला लिंबाची साल डोळ्यांपाशी पिळायची आणि रडायचं! प्रयोगशाळेतल्या लोकांची काय अवस्था झाली असेल, विचार कर. याच फ्लेमिंगनी पुढे १९२८ मध्ये पेनिसिलीन शोधलं. पण शेंबडाचा नंबर आधी लागला, हे विसरू नकोस!

आता सर्दीकडे वळू. सर्दीचे विषाणू नळीच्या अस्तरावर हल्ला करतात. शरीर म्हणतं, "अरे, धोका! कफ वाढवा!" कफ भराभरा तयार होतो, घट्टही होतो. त्यात कितीतरी रोमक जखमी. आता वर्गाची कल्पना कर. निम्मी मुलं गैरहजर, आणि वह्यांऐवजी हातात जाडजूड दप्तरं! रांग तुंबणार नाही तर काय? तो तुंबलेला कफ हवेच्या वाटेत फडफडतो आणि छातीत घरघर वाजतं.

मग बाई स्वतः उठतात. "द्या इकडे!" म्हणून सगळा गठ्ठा एका झटक्यात उचलतात. या बाई म्हणजेच खोकला!

हा झटका बसतो कसा, तेही बघ. नळीतल्या नसा मेंदूला निरोप देतात. तू खोल श्वास घेतोस किंवा घेतेस. घशातलं आवाजाचं दार घट्ट मिटतं. पोटाचे आणि छातीचे स्नायू आतल्या हवेला जोरात दाबतात. दार बंद, हवा कोंडलेली, दाब वाढतोय, वाढतोय... आणि दार फटकन उघडतं! खळ्ळ! मोठ्या माणसांच्या तोंडातून ही हवा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने निघताना एका प्रयोगात मोजली आहे. शहरातल्या गर्दीत रिक्षाला तरी मिळतो का एवढा वेग? म्हणून तर खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर हवा. आणि खूप खोकल्यावर पोट का दुखतं, ते आता कळलं ना? मेहनत पोटानेच केलेली असते!

कधी कधी बेडका हिरवा असतो. बापरे, आत शेवाळ साचलं की काय? छे! तो रंग जंतूंचा नसतोच मुळी. तो आपल्याच सैनिकांचा! जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत लोह असलेला एक हिरवट पदार्थ असतो. लढाईत त्या हजारोंनी फुटतात आणि कफ रंगतो. पांढऱ्या पेशी, आणि आत हिरवा रंग! आहे की नाही लबाडी? म्हणून नुसता हिरवा रंग दिसला की लगेच अँटिबायोटिक हवं, असं नसतं. साध्या सर्दीतही कफ हिरवा होतो.

आणि खोकला लवकर जात नाही म्हणून आई वैतागते ना? तिला हे वाचून दाखव. अमेरिकेत मोठ्या माणसांना विचारलं, खोकला किती दिवसांत बरा व्हावा? ते म्हणाले, सात-नऊ दिवसांत. प्रत्यक्षात वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी काढली तर आली जवळजवळ अठरा दिवस! विषाणू कधीच पळालेला असतो, पण जखमी अस्तर दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

तोवर आपण काय करायचं? बाईंना थांबवायचं नाही. त्यांचं ओझं हलकं करायचं. कफ पातळ झाला की तो सुटतो, सरकतो, निघतो. म्हणून भरपूर पाणी, आणि गरम गरम काहीतरी प्यायचं. यात आजीच्या बाजूने चक्क पुरावा आहे! १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लोकांना गरम पाणी, गार पाणी आणि कोंबडीचं गरम सूप प्यायला दिलं, आणि नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो ते मोजलं. (असलं मोजायला पगार मिळतो, बघ!) गरम पाण्याने वेग मिनिटाला ६.२ वरून ८.४ मिलिमीटर झाला. सुपाने ६.९ वरून ९.२! आणि गार पाण्याने? ७.३ वरून घसरून ४.५! गरम पाण्याचा आणि सुपाचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला, हेही खरं. म्हणजे एकदाच पातेलंभर ढोसण्यापेक्षा थोडं थोडं, पुन्हा पुन्हा प्यावं. टोमॅटोचं सार चालेल, कुळथाचं कढण चालेल, मऊ भाताची पेज चालेल. कोल्हापूरकर तर पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढे करतील, आणि मी नाही म्हणणार नाही.

दूध प्यायल्याने कफ वाढतो म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी साठ लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले, ते रोज किती दूध पितात ते लिहून घेतलं आणि त्यांच्या शेंबडाचं वजन केलं! हो, वजन! जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबूड जास्त भरला नाही. दूध लाळेत मिसळून घशात जरा दाट वाटतं, तेवढंच. हळदीचं गरम दूध आवडत असेल तर खुशाल पी.

रात्री झोपण्याआधी चमचाभर मध मात्र छानच. २००७ साली अमेरिकेत खोकणाऱ्या १०५ मुलांवर हे करून बघितलं. काहींना मध, काहींना खोकल्याचं औषध, काहींना काहीच नाही. मध घेतलेल्या मुलांची रात्र सगळ्यात बरी गेली, असं त्यांच्या आईवडिलांनी सांगितलं. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ मांघर नावाचं अख्खं मधाचं गाव आहे, तेव्हा मधाची चिंता नको! पण एक गोष्ट घरात सगळ्यांना ठासून सांग. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. बोटाने चाटवायचासुद्धा नाही. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. तुझ्या पोटात ती सहसा रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाला त्यांनी गंभीर आजार होऊ शकतो.

आणि कुंपणाला लावलेला अडुळसा बघितलायस? लांबट हिरवी पानं, पांढरी फुलं. पानं इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही! म्हणून तर तो कुंपणाला लावतात. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खोकल्याला अडुळशाचा काढा देतात. शास्त्रज्ञांनी या पानांतल्या वॅसिसीन नावाच्या पदार्थावरून १९६०च्या सुमारास एक औषध तयार केलं, ब्रोमहेक्झिन. त्याचा धाकटा भाऊ अँब्रॉक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या औषधांच्या बाटल्यांवर आजही ही नावं दिसतात. जगभरच्या औषधांच्या दुकानांत कुंपणावरचा अडुळसा जाऊन बसला! काढा असो की बाटली, मुलांना किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. खोकला दाबून टाकणारं सिरप तर ओल्या खोकल्यात उलटंच काम करतं. बाईंचे हात बांधले, तर गठ्ठा उचलणार कोण?

वाफेचं भांडं मुलांनी टाळावं. उकळतं पाणी कलंडून भाजल्याची उदाहरणं खूप आहेत, आणि फायदा त्या मानाने थोडा. धुरापासूनही लांब राहा. चुलीचा, फटाक्यांचा, डासांच्या कॉइलचा, आणि सिगरेटचा तर नकोच नको. धुराने रोमक पेंगायला लागतात, म्हणून सिगरेट ओढणाऱ्या काकांचा खोकला सकाळी सकाळी सगळ्या वाड्याला उठवतो!

रात्री आडवं झालं की नाकातला शेंबूड मागे घशात ओघळतो आणि खोकला वाढतो. तेव्हा थोडं उठून बसायचं, घोट घोट कोमट पाणी प्यायचं. कफ आला तर बेसिनमध्ये किंवा कागदी रुमालात टाकायचा. रस्त्यावर नाही हं!

मात्र श्वास घेताना धाप लागली, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, शिट्टीसारखा आवाज आला, कफात रक्त दिसलं, किंवा ताप उतरेचना, तर लगेच मोठ्यांना सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. दोन आठवडे उलटले तरी खोकला आहेच, तरीही जायचं. आपल्या देशात तेवढ्या दिवसांच्या खोकल्यावर क्षयरोगाची तपासणी करून घेतात. बहुतेक वेळा तसं काही निघत नाही, पण बघून घेतलेलं बरं.

अरे हो, एक राहिलंच! काही माणसांना कान कोरताना खोकला येतो. खरंच! कफ नाही, सर्दी नाही, कानात काडी घातली की खॉक खॉक! खोकल्याचा निरोप मेंदूला नेणाऱ्या मोठ्या नसेची एक फांदी कानाच्या भोकापर्यंत येते. तिला धक्का लागला की मेंदू फसतो. त्याला वाटतं, घशातच काहीतरी अडकलंय! तू स्वतःच्या कानात काडी घालून बघू नकोस हं. घरातल्या मोठ्यांना विचार, कुणाला होतं का असं? शंभरात दोन-चार जणच असे सापडतात. तुझ्या घरात निघाला एखादा, तर त्याला नसेची गोष्ट तूच सांग!